आईच्या मृत्युपत्रात सापडलेल्या लेकी

मागच्या दोन भागांत आपण मृत्युपत्राबद्दल बोललो. ते साध्या कागदावर चालतं का, साक्षीदार किती लागतात, अंगठा चालतो का, हे सगळं झालं. त्यानंतर गटांच्या बैठकांतून आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यांत एक वेगळाच होता. "पूर्वीच्या काळी बायका मृत्युपत्र करायच्या का? आणि केलं तर त्यात द्यायला त्यांच्याकडे असायचं तरी काय?"

प्रश्न आम्हाला फार आवडला. त्याचं उत्तर शोधायला आज जरा लांब जाऊ या, इंग्लंडात, सहाशे-सातशे वर्षं मागं. इतक्या लांब का? कारण मृत्युपत्राचा आपला कायदा, म्हणजे १९२५ सालचा भारतीय वारसा कायदा, इंग्रजांच्या अमलात त्यांच्या धर्तीवर तयार झाला. कोर्टकचेरीत आपण 'प्रोबेट' हा शब्द ऐकतो, तोही तिकडूनच आलेला. आणि तिथल्या जुन्या मृत्युपत्रांच्या नकला वह्यांमध्ये टिकून राहिल्या आहेत. त्या वाचून लोकांनी एक काम केलं. सरदार घराण्यांच्या वंशावळीतून गळून पडलेल्या मुली त्यांनी एकेक करून शोधून काढल्या.

वंशावळ म्हटली की आपल्याला हेळव्याची चोपडी आठवते, नाहीतर तीर्थाच्या ठिकाणची उपाध्यायांची वही. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी ती ओळ खाली उतरत जाते. इंग्लंडातल्या सरदारांच्या वंशावळीही अशाच. आज आपण एकच घराणं घेऊ, बोहुन नावाचं. हेरिफर्ड आणि एसेक्स या दोन भागांचे हे अर्ल. अर्ल म्हणजे मोठा सरदार, आणि त्याच्या बायकोला म्हणायचं काउंटेस. घराण्याची खूण होती पांढरा हंस. हा हंस लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या घराण्यात थोरल्या मुलाचं नाव बहुतेक पिढ्यांत हम्फ्री. इतके हम्फ्री की इतिहासकारसुद्धा त्यांना आकडे घालतात. त्या हम्फ्रींच्या लढाया, जमिनी, राजाशी झालेली भांडणं, सगळं लिहिलेलं आहे. मुलींच्या वाट्याला मात्र बहुधा एखादी ओळ, आणि तीही लग्न कुणाशी झालं एवढंच सांगणारी.

असं का, हे समजायला तिथला जमिनीचा कायदा कळायला हवा. तो सोपा आहे, पण कडक होता. मुलगा असेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. धाकट्या मुलांना कायद्याने काही नाही, मुलींना तर नाहीच. मुलगा नसेल तर मात्र जमीन सगळ्या मुलींत सारखी वाटायची. यात बापाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता, कारण शहरांतले काही रिवाज सोडले तर जमीन मृत्युपत्राने कुणाला देताच येत नसे. त्यासाठीचा कायदा १५४० साली झाला. तोवर मोठे लोक जमीन विश्वासू माणसांच्या नावे करून ठेवायची पळवाट काढत, पण सरळ मृत्युपत्रात जमीन लिहिता येत नसे.

जमीनदार मेला की राजाचा अधिकारी गावात यायचा, बारा माणसं बसवायचा आणि विचारायचा: जमीन किती, वारस कोण, वय काय? आपल्याकडे तलाठ्याकडे वारसाची नोंद होते आणि फेरफार निघतो, तसंच काहीसं. त्या कागदावर मुलाचं नाव लागलं की त्याच्या चार बहिणी जिवंत आहेत की मेल्या, हे लिहायचं कारणच उरत नसे.

मग मृत्युपत्रात काय असायचं? हलवता येईल ते सगळं. भांडी, कपडे, दागिने, घोडे, पोथ्या, जपमाळा, रोकड. आणि बिछाने. बिछाना म्हणजे नुसती गादी समजू नका. पलंगाभोवतीचे पडदे, वरचं छत, चादरी, भरतकाम केलेली पांघरुणं असा सगळा साज असायचा आणि त्याची किंमत मोठी असायची. जमीन ओळीने थोरल्याकडे जायची, वस्तू मात्र देणाऱ्याच्या मनाप्रमाणे जायच्या. म्हणून मुलगी सापडते ती या वस्तूंच्या यादीत.

आता एका घंगाळाची गोष्ट सांगतो.

ऑक्टोबर १३६१ मध्ये बोहुन घराण्यातला एक हम्फ्री वारला. याचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. मरणाच्या काही दिवस आधी त्याने मृत्युपत्र केलं. त्यात बहीण मार्गारेट, म्हणजे डेव्हनची काउंटेस, हिला त्याने एक भांडं दिलं. ज्यात आपण नेहमी डोकं धुतो ते भांडं, असं त्याने म्हटलंय, आणि ते आपल्या आईचं होतं असंही नोंदवलंय.

यांची आई एलिझाबेथ ही इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची मुलगी. ती १३१६ साली बाळंतपणात गेली. तेव्हा मार्गारेट पाच वर्षांची होती. वडील १३२२ साली राजाविरुद्धच्या लढाईत मारले गेले. १३२५ साली, चौदाव्या वर्षी, मार्गारेटचं लग्न लावलं गेलं आणि ती दूर डेव्हनला गेली. आईचं भांडं मात्र माहेरी राहिलं. आई गेल्यावर पंचेचाळीस वर्षांनी भावाने ते तिला परत पाठवलं, तेव्हा ती पन्नाशीला आलेली होती. राजाच्या नातीला डोकं धुवायच्या भांड्याची काय कमतरता असणार! पण भावाने ते मुद्दाम लिहून ठेवलं. आणि त्या एका ओळीमुळे आपल्याला तीन माणसं एका धाग्यात दिसतात: आई, मुलगा, मुलगी. वंशावळीच्या कागदावर हा धागा दिसत नाही.

माग काढणाऱ्यांची ही पहिली युक्ती. माणूस सापडत नसेल तर वस्तूचा माग काढायचा. एकाच्या मृत्युपत्रात दिलेली वस्तू दुसऱ्याच्या मृत्युपत्रात पुन्हा भेटते का ते बघायचं.

या मार्गारेटला किती मुलं झाली? जुन्या वंशावळी सतरा म्हणतात, आठ मुलगे आणि नऊ मुली. नऊ मुलींपैकी काहींची नावं सांगितली जातात, पण आधार पाहू गेलं तर हाती फारसं लागत नाही. मग खऱ्या कोणत्या? इथे मार्गारेटचंच मृत्युपत्र कामाला येतं. १३९१ साली, ऐंशीच्या घरात असताना, तिने ते केलं. नवरा चौदा वर्षांपूर्वी गेलेला. त्यात लेकींना ती पोथ्या देते. एका लेकीला प्रार्थनेच्या दोन पोथ्या आणि आर्थर नावाच्या वीराच्या गोष्टीचं पुस्तक. दुसरीला ट्रिस्ट्रमच्या प्रेमकथेचं पुस्तक. ऐंशी वर्षांची आजी लेकीला प्रेमकथा ठेवून जाते, हे वाचून आमच्या रेडिओच्या खोलीत सगळ्याजणी हसल्या.

पण गंमत बघा. आई आपल्या लेकींची नावं कशी सांगते? 'माझी लेक लट्रेल', 'माझी लेक एंगेन'. म्हणजे सासरची आडनावं! पाळण्यातलं नाव, ज्याने तिने वर्षानुवर्षं हाक मारली असेल, ते कागदावर नाही. आपल्याकडेही 'पाटलीणबाई', 'अमक्यांची सून' म्हणतात, पण आई तरी लेकीला तसं म्हणत नाही. तिकडे सरदार घराण्यांत कागदावर अशीच रीत होती. त्यामुळे शोधणाऱ्याला उलटं चालावं लागतं. लट्रेल घराण्यात त्या काळी कोण सून आली, तिचा नवरा कोण, तिच्या नावावर आणखी कोणते कागद आहेत, असं जुळवत गेलं की कळतं, ही एलिझाबेथ. आणि एंगेनांकडे दिलेली ती कॅथरीन.

त्यातही कारकुनाच्या लिहिण्याची भर. फ्रेंचमध्ये 'एंगेन घराण्याची' म्हणताना आधी 'द' लागतो. कारकून तो जोडून 'डँगेन' लिहून टाकतो. आता 'ए' अक्षराखाली शोधणाऱ्याला ही बाई कशी सापडणार? रेशन कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं, हा घोळ आपल्या ओळखीचाच आहे.

या एलिझाबेथ लट्रेलचं एक काम सांगायलाच हवं. इंग्लंडच्या सॉमरसेट भागात डन्स्टर नावाचा किल्ला आहे. तो पुढे सहाशे वर्षं लट्रेल घराण्याकडे होता, आजही लोक तो पाहायला जातात आणि लट्रेलांचा किल्ला म्हणून ओळखतात. तो विकत कुणी घेतला? १३७६ साली या एलिझाबेथने. किंमत ५,००० मार्क, म्हणजे ३,३०० पौंडांहून जास्त. आणि विकणारीही बाईच होती, लेडी जोन मोहुन. जोनच्या हयातीपर्यंत किल्ला तिच्याकडे राहील आणि नंतर लट्रेलांकडे जाईल, असा करार ठरला. पैसे आधी दिले, किल्ला मात्र एलिझाबेथच्या हयातीत हाती आला नाही. ती १३९५ साली गेली. किल्ल्यात पाय ठेवला तो तिच्या मुलाने. आईच्या मृत्युपत्रातली 'माझी लेक लट्रेल' ती हीच.

मार्गारेटची समाधी एक्सेटरच्या मोठ्या चर्चमध्ये आहे. नवऱ्याशेजारी तिची दगडी मूर्ती आहे आणि पायाशी हंस. छासष्ट वर्षं सासरचं नाव लावलं, पण पायाशी माहेरची खूण आहे.

आता प्रश्न असा की सगळ्याच बायकांची मृत्युपत्रं सापडतात का? नाही. बहुतेक विधवांची सापडतात, आणि याचंही कारण कायद्यात आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईच्या अंगावरच्या दागिन्यांपासून भांड्याकुंड्यांपर्यंत सगळं नवऱ्याचं. जे आपलं नाही ते देणार कसं? नवऱ्याने परवानगी दिली तरच तिचं मृत्युपत्र चाले. म्हणून नवऱ्याच्या आधी गेलेली बाई बहुधा न बोलताच गेली. नवरा गेल्यावर मात्र तिला तिच्या वस्तूंवर हक्क मिळायचा, आणि जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता. इंग्लंडातली विधवा त्या मानाने मोकळी होती. आपल्याकडच्या बायकांना हे वाचून नवल वाटेल, आम्हालाही वाटलं.

आणखी एक धोका. मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे मुलगी नव्हतीच, असं समजायचं नाही. लग्नात जे द्यायचं ते देऊन झालेलं असायचं, म्हणून पुन्हा लिहिलेलं नसे. कुठे कुठे अशी रीत होती की मेलेल्याच्या वस्तूंचा तिसरा हिस्सा बायकोचा, तिसरा मुलांचा आणि उरलेला तिसरा त्याच्या मर्जीचा. मृत्युपत्रात तेवढाच मर्जीचा हिस्सा. मग मुलांच्या हिश्श्यातून मिळालेल्या मुलीचं नाव त्यात कशाला येईल? आणि आधीच वारलेल्या लेकींचं नाव तर यायचं कारणच नाही. याउलट 'लेक' लिहिलंय म्हणून ती पोटची लेकच, हेही खरं नाही. सुनेला लेक म्हणत, नातीलाही म्हणत, नणंदेला बहीण म्हणत. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता बोहुनांच्या पुढच्या पिढीकडे येऊ. घंगाळ देणाऱ्या हम्फ्रीला मूल नव्हतं, म्हणून सगळं त्याच्या पुतण्याला मिळालं. त्याचंही नाव हम्फ्रीच. हा १३७३ साली तिशीत वारला. मुलगा नाही. दोन मुली: एलिनॉर, सातेक वर्षांची, आणि तिच्याहून लहान मेरी. कायदा सांगतो, मुलगा नसेल तर मुलींत सारखी वाटणी. इंग्लंडातल्या फार मोठ्या जमिनींपैकी ही एक, आणि ती दोन पोरींच्या नावावर आली. मग काय, मागण्या आल्याच.

एलिनॉरचं लग्न राजाचा धाकटा मुलगा थॉमस याच्याशी लागलं. त्याला अर्धी जमीन मिळाली. पण मेरी जर मठात जोगीण झाली तर? जोगीण झालेली बाई कायद्याने जगाला मेलेली. तिला जमीन मिळत नाही. मग तिचा अर्धा वाटाही एलिनॉरला, म्हणजे थॉमसला. फ्रॉयसार्त नावाच्या त्या काळच्या इतिहासलेखकाने लिहून ठेवलंय की थॉमसने मेरीला घरी ठेवून घेतलं आणि मठातल्या बायकांकडून तिला शिकवायला सुरुवात केली, तिचं मन जोगीण होण्याकडे वळावं म्हणून. पुढे थॉमस परदेशी लढाईवर गेला आणि मेरीच्या नात्यातल्या एका बाईने तिला तिथून हलवलं. १३८१ च्या सुरुवातीपर्यंत मेरीचं लग्न हेन्रीशी झालेलं होतं. हा हेन्री कोण? थॉमसच्याच थोरल्या भावाचा मुलगा. म्हणजे अर्धी जमीन पुतण्याच्या घरात गेली. फ्रॉयसार्त म्हणतो, थॉमसला ते अजिबात रुचलं नाही. कसं रुचेल?

मेरीला या सगळ्यात काय हवं होतं, ते कुणी लिहिलेलं नाही. ती १३९४ साली शेवटच्या बाळंतपणात गेली. नवरा जिवंत होता, त्यामुळे वर सांगितलेला नियम इथे लागू. तिचं बोलणं आपल्यापर्यंत पोचत नाही. पाच वर्षांनी तिचा नवरा इंग्लंडचा राजा झाला आणि त्यानंतर तिचा मुलगा. तिच्यासाठी केलेली चित्रांची एक प्रार्थनेची पोथी मात्र आज डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या ग्रंथालयात आहे. मेरीची धाकटी मुलगी फिलिपा डेन्मार्कची राणी झाली. पोथी तिच्याबरोबरच तिकडे गेली असावी, असं अभ्यासक मानतात. ज्या मुलीच्या जन्मात आई गेली, तिच्याकडे आईची पोथी.

थोरल्या एलिनॉरचं मात्र मृत्युपत्र आहे, आणि ते आम्ही या भागाचा गाभा मानतो.

१३९७ साली तिच्या नवऱ्याला, थॉमसला, त्याचाच पुतण्या असलेल्या राजा दुसऱ्या रिचर्डने पकडून नेलं. कॅले नावाच्या बंदरात त्याला मारण्यात आलं. घरातलं सामान जप्त झालं. एकुलता मुलगा, तोही हम्फ्री, राजाच्या ताब्यात. अशा परिस्थितीत ९ ऑगस्ट १३९९ रोजी प्लेशीच्या किल्ल्यात एलिनॉरने मृत्युपत्र केलं. वय तेहतीसच्या आसपास. मृत्युपत्र फ्रेंचमध्ये आहे, कारण सरदारांची कागदाची भाषा तीच होती.

मुलाला ती काय देते? बापाचं चिलखत. हंसाच्या घराण्याच्या वीराची काव्यकथा. आणि सोन्याच्या कड्यांची, कड्यांवर पांढरे हंस असलेली स्तोत्रांची पोथी. ही पोथी आपल्याकडे आली ती वारसाकडून वारसाकडे जाण्यासाठी, असं ती बजावते. बघा, जमिनीसारखी पोथीसुद्धा ओळीने चालली. शिवाय मोती लावलेला सोन्याचा एक क्रूस. माझ्या वस्तूंपैकी मला सगळ्यात आवडती वस्तू म्हणून, माझ्या आशीर्वादासह, असं लिहून ती तो देते.

लेकी तीन. थोरली ॲन, सोळा वर्षांची. तिला संतांच्या चरित्रांचं सुंदर चित्रं काढलेलं पुस्तक, फ्रेंचमधलं. मधली जोन. तिला स्तोत्रं आणि प्रार्थना असलेली एक पोथी. हे पुस्तक मी पुष्कळदा वापरलं आहे, असं आई त्यापुढे लिहिते, आणि आशीर्वाद देते. घराण्याची पोथी मुलाला दिली, पण रोजच्या हातातली, पानं मऊ झालेली पोथी लेकीला दिली. किमतीने मुलाची पोथी मोठी असेल. आम्हाला विचाराल तर आम्ही जोनची घेतली असती.

तिसरी इझाबेल. ही लहानपणीच लंडनच्या वेशीबाहेरच्या मायनरीज नावाच्या मठात ठेवलेली, आता तेराच्या आसपास. ज्या मठातल्या बायकांसारखं व्हायला एलिनॉरच्या बहिणीला वळवायचं चाललं होतं, त्याच पंथाचा हा मठ. एलिनॉरची स्वतःची मुलगी तिथे गेली. बापाने पाठवली की आईच्या मनात होतं, हे मृत्युपत्रात नाही. पण यादी बघा. दोन भागांतलं फ्रेंच बायबल. चर्चच्या कायद्याचं पुस्तक. जुन्या संतांच्या गोष्टी. अर्थ लावून सांगणाऱ्या स्तोत्रांच्या पोथ्या. सगळ्या लेकींमध्ये पुस्तकांची सर्वांत मोठी यादी इझाबेलची. वर चाळीस पौंड रोख. तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स आणि कसबी गवंड्याला दिवसाला चार-पाच पेन्स मजुरी. म्हणजे चाळीस पौंड ही त्याची निदान पाच-सहा वर्षांची कमाई. आणि शेवटी आईचा स्वतःचा काळ्या चामड्याचा कमरपट्टा, सोन्याचं बक्कल आणि सोन्याच्या बारा गोल पट्ट्या लावलेला.

मठात राहणाऱ्या मुलीला सोन्याचा कमरपट्टा कशाला? आमच्यात यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं, अडीअडचणीला मोडायला. कुणी म्हणालं, आईच्या कमरेचा म्हणून. जमिनीतून जिचं नाव कायमचं कापलं गेलं होतं, तिला आईने हाताला लागेल ते भरून दिलं, असं आम्हाला वाटतं.

एलिनॉरने आणखी एक देणं दिलं, ते स्वतःच्या आईला. काउंटेस जोन तेव्हा हयात होती. तिला पोवळ्याच्या पन्नास मण्यांची जपमाळ. मुलगी मृत्युपत्रात आईला काही ठेवून जाते, ही ओळ वाचताना थांबायला होतं. मेरी आधीच गेलेली, आता एलिनॉरही निघालेली. ही आई पुढे वीस वर्षं जगली, १४१९ पर्यंत.

पुढचं झपाट्याने घडलं. सप्टेंबर १३९९ मध्ये मुलगा हम्फ्री आयर्लंडहून परतताना वारला. ३ ऑक्टोबरला एलिनॉर गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत तिच्या थडग्यावर पितळी पत्र्यात कोरलेलं तिचं चित्र आजही आहे, विधवेच्या वेषातलं. ऑगस्ट १४०० मध्ये जोनही गेली. ती वापरलेली पोथी तिच्याकडे जेमतेम वर्षभर राहिली असेल. मुलगा नाही, जोन नाही, इझाबेल मठात. म्हणजे सगळा वाटा एकट्या ॲनचा.

आणि ॲनने तो सोडला नाही. आजी जोनकडे विधवेचा हिस्सा होता, तो ती जाईपर्यंत मोकळा होणार नव्हता. आजी गेल्यावर एका बाजूला ॲन आणि दुसऱ्या बाजूला मेरीचा मुलगा, म्हणजे खुद्द राजा पाचवा हेन्री, अशी बोहुनांच्या जमिनीची वाटणी १४२१ साली पुन्हा झाली. तिचा मावसभाऊ राजा होता, पण वाटणीत ती समोर उभी होती. तीन लग्नं झाली तिची, तिन्ही नवरे तिच्या हयातीत गेले. शेवटचा १४२० साली. पुढची अठरा वर्षं ती स्वतःच कारभार बघत होती.

या मृत्युपत्रांचं पुढे काय होई, तेही सांगतो. मृत्युपत्र म्हणजे आत्म्याच्या कल्याणाची गोष्ट, म्हणून ते चर्चच्या कोर्टात खरं करून घ्यावं लागे. त्यालाच प्रोबेट म्हणायचं. मग बिशपच्या मोठ्या वहीत त्याची नक्कल उतरवली जाई. मूळ कागद बहुतेक गेले, वह्या उरल्या. कँटरबरीच्या मोठ्या कोर्टाच्या वह्या १३८४ ते १८५८ पर्यंतच्या आहेत आणि लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या आहेत. इंग्लंडात कुणाला आपल्या घराण्यातली त्या जुन्या काळची बाई शोधायची असेल तर आजही या वह्यांची मदत होते. लग्नाचं नाव, भावाचं मृत्युपत्र, सासूचं मृत्युपत्र, मग आईचं. बापाच्या मृत्युपत्रापेक्षा आईच्या, मावशीच्या, आत्याच्या मृत्युपत्रात मुली जास्त सापडतात, असा शोधणाऱ्यांचा अनुभव आहे. बाप वारसाचा विचार करून लिहितो. विधवा आई पेटी उघडून बसते आणि एकेक वस्तू कुणाला शोभेल ते बघते.

ॲनने तिचं मृत्युपत्र १४३८ साली केलं. आईने फ्रेंचमध्ये केलं होतं, मार्गारेटनेही फ्रेंचमध्येच. चर्चचे लोक लॅटिनमध्ये लिहीत. ॲनने इंग्रजीत केलं. इंग्रजी तेव्हा घरातली, बाजारातली, नोकरचाकरांची बोली. एवढ्या मोठ्या घरच्या बाईने असा कागद त्या भाषेत करणं अजून नवीन होतं. तिने कारणही तिथेच लिहून ठेवलं: वाचायला आणि समजायला मला हीच भाषा सगळ्यात सोयीची आहे. आर्चबिशपच्या वहीत लॅटिन नोंदींच्या मधोमध कारकुनाने ते जसंच्या तसं, तिच्या भाषेत उतरवून घेतलं आहे.